रांगेतल्या माणसाला पाणी देण्याचा गुन्हा

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मार्च २०२१ मध्ये निवडणुकांविषयीचा एक मोठा कायदा संमत झाला. मतदान केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आत, किंवा रांगेत उभ्या असलेल्या कोणत्याही मतदारापासून २५ फुटांच्या आत, त्या मतदाराला खाण्यापिण्याची वस्तू देणे, देऊ करणे किंवा देण्यात सहभागी होणे हा त्याच्या एका कलमाने गुन्हा ठरवला. पाण्याची बाटलीही त्यात आली. वैशाखात पाणपोई घालणाऱ्या आणि पंढरीच्या वाटेवर अनोळखी वारकऱ्यापुढे तांब्या धरणाऱ्या समाजात वाढलेल्या माणसाला हे वाचून धक्का बसतो, तसा मलाही बसला. अमेरिकेत काही वर्षे राहिलेल्या माणसाला तो अधिकच बसतो, कारण रांग, पाळी आणि अनोळखी माणसाशी सौजन्याने वागणे या बाबतीत तो समाज किती काटेकोर आहे, हे त्याने रोज पाहिलेले असते.

या दोन गोष्टी एकाच देशात कशा नांदतात, हे या लेखात उलगडून सांगायचे आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर लोकांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा एका साध्या प्रश्नात शोधावे: रस्त्यावरचा पट्टा कोण आखतो? चौकातला पट्टा गाडी चालवणाऱ्यांपैकी कोणीही आखत नाही. राजकारणात मात्र पुष्कळदा गाडी चालवणाराच रंगाचा डबा घेऊन खाली उतरतो, आपल्या सोयीने पट्टा ओढतो आणि पुन्हा गाडीत जाऊन बसतो.

डेट्रॉइटजवळच्या ज्या उपनगरात मी राहत होतो, तेथे घरापासून दोन वळणांवर एक चौक होता. त्याला सिग्नल नव्हता आणि पोलीस तर कधीच नसे. चारही बाजूंना 'स्टॉप' लिहिलेली लाल अष्टकोनी पाटी आणि तिच्याखाली चारही दिशांच्या वाहनांनी थांबावे असे सांगणारी छोटी पट्टी, एवढीच तेथील व्यवस्था. नियमही एका श्वासात सांगता येईल असा होता. प्रत्येकाने पूर्ण थांबायचे, जो आधी आला त्याने आधी जायचे, आणि दोन गाड्या एकाच वेळी आल्या तर उजवीकडच्या गाडीला वाट द्यायची. जानेवारीत पहाटे साडेसहाला, रस्त्यावरचे सगळे पट्टे बर्फाखाली गेलेले असताना, त्या चौकात चारही बाजूंचे दिवे समोरासमोर येत आणि एकेक गाडी न चुकता आपल्या पाळीने पुढे सरकत असे. कोण आधी आले याविषयी शंका असली, तर कोणीतरी स्टिअरिंगवरून पंजा उचलून 'तुम्ही व्हा पुढे' असे खुणावत असे आणि पुढे जाणारा तसाच पंजा उचलून आभार मानत असे. सुरुवातीच्या दिवसांत मी तेथे गाडी पूर्ण न थांबवता नुसती हळू करून पुढे काढत असे. एके दिवशी शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने मला सांगितले की चाक पूर्ण थांबलेच पाहिजे, कारण समोरचा माणूस तुमच्या तोंडाकडे पाहत नाही, तुमचे चाक थांबले की नाही हे पाहून तो आपली पाळी ठरवतो. त्या एका वाक्याने मला त्या चौकाचा सगळा व्यवहार समजला.

शाळेच्या पिवळ्या बसचा नियम याच जातीचा आहे. बस थांबून तिचे लाल दिवे लुकलुकू लागले आणि तिच्या अंगावरची 'स्टॉप'ची पाटी बाहेर आली की मागून येणाऱ्या गाड्या तर थांबतातच, पण दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाड्यांनाही थांबावे लागते. दप्तर पाठीवर घेतलेले एक लहान मूल रमतगमत रस्ता ओलांडून आपल्या दारापर्यंत जाईतो दोन्ही बाजूंची दहाबारा वाहने निमूटपणे उभी असतात, आणि त्यातला कोणी हॉर्न वाजवत नाही. दंड मोठा असतो हे खरे, पण मी पाहिलेली शांतता केवळ दंडाच्या भीतीची नव्हती.

निवडणुकीच्या दिवसांत घरापुढच्या हिरवळीवर तारेच्या पायांवर खोचलेल्या उमेदवारांच्या पाट्या उगवतात. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांपुढे दोन परस्परविरोधी पक्षांच्या पाट्या होत्या. त्याच हिवाळ्यात त्यातल्या एका घरचे गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर असताना समोरच्या घरच्या माणसाने तीन आठवडे प्रथम त्यांच्या पायवाटेवरचे बर्फ बाजूला केले आणि मग स्वतःच्या दारचे. त्याचा कोठे गवगवा झाला नाही, आणि त्यांच्यात राजकारणाविषयी एक शब्दही निघाला नसावा, कारण शेजाऱ्याशी, सहकाऱ्याशी आणि जेवणाच्या टेबलावर राजकारण काढू नये, हा तेथील मध्यमवर्गीय रीतीचाच एक भाग आहे. ही रीत वरवरची आहे असे म्हणणारे भेटतात. दुकानातला माणूस 'कसे आहात' असे विचारून उत्तराची वाट पाहत नाही, हे त्यांचे उदाहरण असते. मला ते पटत नाही. आपण 'काय, जेवण झालं का?' असे विचारतो तेव्हा समोरच्याने ताटात काय काय होते ते सांगावे, अशी आपली अपेक्षा नसते. तरीही त्या विचारण्याला अर्थ असतोच.

चौकातला व्यवहार का चालतो, याची कारणे आता पाहू. नियम सर्वांना सारखाच लागू असतो. तो सर्वांना दिसतो आणि त्याचा निकाल त्याच क्षणी लागतो. आज मी थांबलो तर उद्या माझ्यासाठी कोणी थांबेल, हा विश्वास रोज नव्याने सिद्ध होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेथे उभ्या असलेल्या चौघांपैकी कोणालाही तो नियम बदलता येत नाही. यांतले एकेक कारण काढून घेतले की काय होते, हे आता क्रमाने पाहता येईल.

पहिले उदाहरण उपाहारगृहातल्या टिपचे. अमेरिकेत जेवणाच्या बिलावर पंधरा ते वीस टक्के टिप ठेवणे ही रीत आहे, आणि ती न पाळणारा असभ्य समजला जातो. आपल्याकडून गेलेल्या पाहुण्याला ही श्रीमंत देशाची दानत वाटते. प्रत्यक्षात तिच्या मुळाशी कामगार कायद्यातली एक तरतूद आहे. अमेरिकेत संघीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे आणि ते जुलै २००९ पासून बदललेले नाही. मात्र ज्या कामगाराला टिप मिळते त्याला मालकाने ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी संघीय कायद्याला ते चालते, कारण उरलेली रक्कम ग्राहकाच्या टिपेतून भरून निघेल असे कायदा धरून चालतो. ती भरून निघाली नाही, तर फरक मालकाने द्यावा असा नियम आहे, पण त्याचा हिशेब मागण्याचे ओझे पुष्कळदा त्या वेटरवरच येते. २.१३ हा आकडा १९९१ चा आहे. तेव्हा किमान वेतन ४.२५ डॉलर होते आणि टिपवाल्यांचे वेतन त्याच्या निम्मे ठरलेले होते. १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, किमान वेतन वाढवले तेव्हा ही निम्मेपणाची सांगड तोडली, आणि टिपवाल्यांचा आकडा जेथे होता तेथेच गोठून राहिला. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का ही सात राज्ये अशी सूट देत नाहीत आणि तेथे वेटरलाही पूर्ण किमान वेतन मिळते. इतर अनेक राज्यांनी आपापला आकडा २.१३ च्या वर नेलेला आहे. तरीही संघीय आकडा तीन दशकांहून अधिक काळ जागचा हललेला नाही.

एका पगाराचा मोठा हिस्सा ग्राहकाच्या सौजन्यावर सोडून दिला, असा याचा अर्थ होतो. चौकात सौजन्य नियमाच्या जोडीला उभे असते. येथे मात्र नियम मागे सरला आहे आणि त्याची जागा सौजन्याने भरायची आहे. २०२४ च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प आणि कमला हॅरिस या दोन्ही प्रमुख उमेदवारांनी, दोघांनीही हॉटेल कामगारांच्या लास वेगास शहरात, टिपेवरचा कर काढण्याचे आश्वासन दिले. जुलै २०२५ मध्ये त्याचा कायदा झाला आणि वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपेवर २०२५ ते २०२८ या काळासाठी प्राप्तिकरात वजावट मिळू लागली. ज्या वेटरची कमाई इतकी कमी आहे की त्याला प्राप्तिकर लागतच नव्हता, त्याला त्यातून काही मिळाले नाही. २.१३ चा आकडा तसाच राहिला. ज्या दोन पक्षांचे एरवी कशावरही एकमत होत नाही त्यांचे या एका गोष्टीवर झाले, आणि तेही मूळ प्रश्नाला हात न लावता, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे उदाहरण सरकार बंद पडण्याचे. भारतीय वाचकाला ही कल्पनाच प्रथम विचित्र वाटते, कारण संसदीय पद्धतीत अर्थसंकल्प लोकसभेत पडला तर सरकारला राजीनामा द्यावा लागतो, पण टपाल कार्यालये आणि विमानतळ काही बिनपगारी होत नाहीत. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ठरलेल्या मुदतीपर्यंत पदावर राहतोच, त्यामुळे अर्थसंकल्प अडला तरी सरकार पडत नाही, फक्त त्याचे पैसे थांबतात. काँग्रेसने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असे राज्यघटना सांगते, आणि मंजुरीशिवाय खर्च करणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवणारा एक कायदा १८८४ पासून आहे. तरीही १९८० पर्यंत मंजुरीला थोडा उशीर झाला तर कार्यालये बहुधा चालू राहत असत. १९८० आणि १९८१ मध्ये तेव्हाचे महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी त्या जुन्या कायद्याचा कडक अर्थ लावला आणि जीवित व मालमत्ता यांच्या रक्षणासाठी आवश्यक असलेली कामे सोडून बाकी सगळे थांबवले पाहिजे, असे मत दिले. तेव्हापासून आर्थिक वर्ष सुरू होते त्या १ ऑक्टोबरच्या आधी अर्थसंकल्प मंजूर झाला नाही की टाळेबंदीची टांगती तलवार येते. त्यात सिनेटची आणखी एक अडचण आहे. शंभर सदस्यांच्या त्या सभागृहात बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवून मतदान घ्यायचे तर ६० मते लागतात. त्यामुळे २०२५ मध्ये ५३ जागा असलेल्या पक्षाला स्वतःच्या बळावर खर्चाचे विधेयक पुढे नेता आले नाही, आणि आरोग्यविम्याच्या अनुदानावरून अडून बसलेला विरोधी पक्षही मागे हटला नाही.

ती टाळेबंदी १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ अशी ४३ दिवस चालली. त्याआधीचा उच्चांक २०१८-१९ मधल्या ३५ दिवसांचा होता. हवाई वाहतूक नियंत्रक आणि विमानतळावरचे सुरक्षा तपासनीस यांचे काम 'आवश्यक' ठरत असल्याने त्यांनी कामावर यायचे, पण पगार मात्र टाळेबंदी संपल्यावर मिळणार, अशी स्थिती होती. थकलेला पगार नंतर मिळेल अशी हमी २०१९ च्या एका कायद्याने दिलेली आहे, पण घरभाडे आणि मुलांच्या पाळणाघराची फी नंतर भरता येत नाही. ज्या सदस्यांच्या भांडणामुळे हे घडले त्यांचा स्वतःचा पगार मात्र राज्यघटनेच्या तरतुदींमुळे चालूच राहतो. नोव्हेंबरमध्ये नियंत्रकांची संख्या अपुरी पडू लागली तेव्हा ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणे कमी करावी लागली.

अशा वेळी लोक काय करतात, ते पाहण्यासारखे असते. दोन्ही टाळेबंदींत अनेक विमानतळांवर तपासनिसांसाठी धान्य, डबाबंद पदार्थ आणि बाळांचे लंगोट गोळा करणारी केंद्रे उभी राहिली. प्रवाशाने तपासणीच्या ठिकाणी तपासनिसाच्या हातात थेट काही देणे नियमात बसत नाही, म्हणून लोक ती सामग्री विमानतळाच्या कार्यालयात किंवा स्थानिक अन्नपेढीत नेऊन देत. आपल्या सामानाची तपासणी करणाऱ्या माणसाच्या घरी आज दूध आहे का, अशी काळजी प्रवासी करत होते. वेटरच्या बाबतीत जे घडते तेच येथेही घडले: कायद्याने सोडलेली जागा लोकांच्या सौजन्याने भरली.

आता पट्टा आखण्याकडे येऊ, कारण ही सर्व कोंडी ज्या सदस्यांमुळे होते ते निवडून कसे येतात, हे समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ जागा आहेत. दर दहा वर्षांनी जनगणना झाल्यावर त्या राज्यांत वाटल्या जातात आणि मग प्रत्येक राज्यात मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात. बहुतेक राज्यांत हे काम राज्याचे विधिमंडळच करते, म्हणजे ज्या पक्षाचे तेथे बहुमत असते तोच पक्ष ते करतो. आपल्याकडे परिसीमन आयोगाच्या प्रमुखपदी सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात आणि त्याच्या कामावरही टीका होते, पण सत्ताधारी आमदारांनी पेन्सिल घेऊन बसावे अशी पद्धत नाही.

पेन्सिलीची करामत एका छोट्या उदाहरणाने समजेल. एका गावात २५ घरे आहेत, त्यातली १५ निळ्या पक्षाची आणि १० पिवळ्या पक्षाची, आणि पाच-पाच घरांचे पाच प्रभाग करायचे आहेत. प्रत्येक प्रभागात तीन निळी आणि दोन पिवळी घरे येतील अशा रेषा आखल्या तर पाचही जागा निळ्यांना जातात आणि दहा घरांच्या पिवळ्यांना एकही मिळत नाही. आता रेषा पिवळ्यांच्या हातात द्या. ते निळ्यांची दहा घरे दोनच प्रभागांत कोंबतील आणि तेथे निळ्यांना पाचापैकी पाच मते मिळू देतील. उरलेल्या तीन प्रभागांत निळी घरे दोन, दोन आणि एक अशी विखुरतील. त्या तिन्ही ठिकाणी पिवळे जिंकतील आणि अल्पसंख्य असूनही पाचापैकी तीन जागा घेतील. घरे तीच, माणसे तीच आणि त्यांची मतेही तीच राहिली. बदलल्या त्या फक्त रेषा. विरोधकाला एका जागी कोंबणे आणि उरलेल्याला विखरून टाकणे, या दोन युक्त्यांत हे सगळे शास्त्र सामावलेले आहे.

या प्रकाराला जे नाव पडले आहे ते १८१२ चे. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाच्या सोयीच्या नकाशावर सही केली. त्यातला एक मतदारसंघ पालीसारख्या दिसणाऱ्या सॅलमँडर या प्राण्याच्या आकाराचा झाला होता, म्हणून बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख आणि नख्या काढून 'गेरीमँडर' म्हटले. पुढे गेरी देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. दोनशे वर्षांत बदलले ते साधन. आता संगणक घराघराच्या मतांचा अंदाज घेऊन रेषा सुचवतो. २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात १३ जागांचा नकाशा करताना तेथील रिपब्लिकन आमदार डेव्हिड लुईस यांनी समितीत उघडपणे सांगितले की दहा जागा आपल्या आणि तीन विरोधकांच्या होतील असा नकाशा आपण करू, कारण अकरा आणि दोन असा नकाशा करणे शक्य दिसत नाही. त्या वर्षी त्यांच्या पक्षाला सुमारे ५३ टक्के मते पडली आणि दहा जागा मिळाल्या. हा दोष एकाच पक्षाचा आहे असे कोणी समजू नये. मेरीलँडमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने २०११ मध्ये आखलेल्या नकाशाने आठपैकी सात जागा त्या पक्षाला मिळवून दिल्या. ही दोन्ही प्रकरणे एकत्रच सर्वोच्च न्यायालयात गेली. जून २०१९ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरवले की अशा नकाशांचे निकाल अन्यायकारक वाटत असले तरी पक्षीय हेतूने आखलेल्या रेषा तपासणे हे संघीय न्यायालयांचे काम नाही.

त्यानंतर जे घडले ते मला सर्वांत अस्वस्थ करते. २०२५ च्या उन्हाळ्यात, पुढच्या जनगणनेला अजून पाच वर्षे असताना, रिपब्लिकन बहुमत असलेल्या टेक्सासच्या विधिमंडळाने आपल्या पक्षाच्या पाच जागा वाढाव्यात या हेतूने नवा नकाशा आणला. गणपूर्ती होऊ नये म्हणून तेथील विरोधी आमदार राज्य सोडून गेले, पण शेवटी नकाशा मंजूर झाला. उत्तरादाखल डेमोक्रॅटिक बहुमत असलेल्या कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरमध्ये जनमत घेऊन आपल्या स्वतंत्र आयोगाचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवला आणि विधिमंडळाने आखलेला पक्षीय नकाशा स्वीकारला. कॅलिफोर्नियाचा तो आयोग चौदा सामान्य नागरिकांचा आहे, त्यात दोन्ही पक्षांचे पाच-पाच आणि पक्ष नसलेले चार जण असतात, आणि तो मतदारांनीच २००८ मध्ये मागून घेतला होता. चौकात एकाने पाळी मोडली म्हणून दुसऱ्यानेही मोडली. दुसऱ्याचे कारण समजण्यासारखे आहे, पण त्यामुळे चौक काही मोकळा झाला नाही.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण मिशिगनचे आहे. तेथील मतदारांनी २०१८ मध्ये नकाशाचे काम विधिमंडळाकडून काढून घेऊन तेरा नागरिकांच्या आयोगाकडे दिले. त्या आयोगाच्या नकाशावर २०२२ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघातून बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार काँग्रेसवर निवडून गेले. एका मराठी माणसाच्या विजयाचा आपल्याला आनंद झाला, पण कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या त्या शहराला जवळजवळ सात दशकांनंतर प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, याची खंत तेथील अनेकांना वाटली, आणि ती समजून घेतली पाहिजे. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने याच आयोगाने राज्य विधिमंडळासाठी आखलेले डेट्रॉइट परिसरातील तेरा मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखलेले म्हणून रद्द केले, आणि ते पुन्हा आखावे लागले. तटस्थ माणसांच्या हातूनही चुका होतात. पण त्या चुका दाखवता येतात आणि दुरुस्त करता येतात, कारण रेषा आखणाऱ्याला त्या रेषेतून निवडून यायचे नसते.

आता पुन्हा जॉर्जियातल्या रांगेकडे येऊ. मुळात रांग एवढी लांब का होते? अमेरिकेत राष्ट्रीय निवडणूक नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते. हा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरला, तेव्हाचा मतदार शेतकरी होता, रविवारी चर्च असे, घोडागाडीने तालुक्याच्या गावी जायला एक दिवस लागे आणि बुधवारी बाजार असे. आज घोडागाडी नाही, पण मंगळवार आहे, आणि तो राष्ट्रीय सुट्टीचा दिवस नाही. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे, तसा संघीय हक्क तेथे नाही. शिवाय मतपत्रिका लांबलचक असते. राष्ट्राध्यक्षापासून शेरीफ, न्यायाधीश, शाळा मंडळाचे सदस्य आणि घटनादुरुस्तीचे प्रश्न इथपर्यंत सगळे एकाच वेळी निवडायचे असते. मतदान केंद्रे किती, कोठे आणि त्यांत यंत्रे किती, हे एकूण देशासाठी कोणी एक आयोग ठरवत नाही, तर राज्ये आणि काउंट्या, म्हणजे तेथील जिल्हे, ठरवतात. वंशभेदाचा इतिहास असलेल्या ज्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्र सरकारची परवानगी लागत असे त्यांत जॉर्जिया होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती अट संपली, आणि त्यानंतर तेथील अनेक काउंट्यांत मतदान केंद्रे कमी झाली. जून २०२० च्या, पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, नवी यंत्रे आणि करोना यांची भर पडून, अटलांटा परिसरात लोक तासन्‌तास रांगेत उभे होते.

निवडणुकांची देखरेख करणारा राज्याचा सचिव हा तेथे स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला पुढारी असतो. २०१८ मध्ये जॉर्जियाचे सचिव ब्रायन केम्प गव्हर्नरपदाचे उमेदवार होते आणि मतदान होईपर्यंत ते सचिवपदावरही होते. सुमारे ५५ हजार मतांनी ते निवडून आले. कायद्याने यात काही गैर नव्हते, आणि नेमके तेच मला गंभीर वाटते. २०२१ च्या कायद्यावर गव्हर्नर म्हणून त्यांचीच सही आहे.

पाणी देण्यावरच्या बंदीची बाजूही नीट सांगितली पाहिजे. पक्षाचे कार्यकर्ते पिझ्झा आणि पाणी वाटण्याच्या निमित्ताने रांगेत प्रचार करतात, म्हणून मतदाराला कोणाच्याही उपकाराखाली न येता मत देता यावे, असे समर्थकांचे म्हणणे होते. मतदान केंद्राजवळ प्रचारबंदी आपल्याकडेही १०० मीटरपर्यंत असतेच, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. याच कायद्यात, दोन हजारांहून अधिक मतदार असलेल्या केंद्रावर तासाहून अधिक वाट पाहावी लागली तर पुढच्या वेळी तेथे यंत्रे वाढवावीत किंवा केंद्र विभागावे, अशीही तरतूद आहे आणि ती चांगली आहे. पण प्रचार करणे आणि पाणी देणे यांत फरक करता येत असताना कायद्याने तो केला नाही. रांगेतले लोक बहुसंख्येने कोणत्या शहरांत आणि कोणत्या वस्त्यांत उभे असतात, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. ऑगस्ट २०२३ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने १५० फुटांच्या आतली बंदी राहू दिली, पण त्या हद्दीपलीकडे गेलेल्या रांगेपुरती शिक्षेची अंमलबजावणी थांबवली. म्हणजे रांग जितकी लांब, तितका तिच्या शेपटाकडच्या माणसाला पाणी मिळण्याचा हक्क अधिक सुरक्षित, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला.

केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना रांगेतल्या मतदारांसाठी पाणी ठेवण्याची मुभा मूळ कायद्यातच आहे. त्या भांड्याजवळ वाढणारे कोणी नसावे आणि मतदाराने पाणी स्वतःच्या हाताने घ्यावे, अशी त्यासाठी अट आहे. म्हणून तहान लागलेला मतदार मागच्या माणसाला आपली जागा राखायला सांगतो, रांगेतून बाहेर पडून त्या पिंपापर्यंत जातो आणि पेला भरून परत येतो. मागच्या माणसाने ती जागा राखलेली असते.